तुम्ही विचारलंत म्हणून: चार महिन्यांचा मासा पाळायचा कशाला?

घरी येणारा टाकीसमोर थबकतोच. हिरव्या-निळ्या अंगाचा, लाल शेपटीचा तो बोटभर नर बघून हरखतो आणि विचारतो, जगतो किती? चार महिने, फार तर सहा, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग पाळता कशाला?"

हा नोथोब्रँकियस फुर्झेरी, किलीफिश नावाच्या छोट्या माशांच्या कुळातला. आग्नेय झिम्बाब्वे आणि दक्षिण मोझांबिकच्या गवताळ रानात पावसाळ्यापुरती डबकी साचतात, ते याचं घर. १९६८ साली गोनारेझूच्या रानातल्या एका डबक्यात फुर्झर नावाच्या हौशी माणसाला तो सापडला. पुढची तीसेक वर्षं त्याचा वंश आमच्यासारख्या टाकीवाल्यांनीच चालवला. प्रयोगशाळांचं लक्ष गेलं ते २००३ नंतर. आता जर्मनीत येना आणि कोलोनला म्हातारपणाचा अभ्यास याच्यावर चालतो, कारण काही आठवड्यांत याचा रंग विटतो, पाठ वाकते, अंग झडतं. (हे मी अभिमानानं सांगतो, चालवून घ्या.)

पण मला खरं उत्तर सापडलं ते अण्णांमुळे. वडील माझे, जालन्याकडचे शेतकरी. पहिल्यांदा टाकी बघून तेही म्हणाले, "एवढ्या खर्चात कोंबड्या झाल्या असत्या." मी त्यांना सांगितलं, त्या डबक्यांच्या तळाला आपल्यासारखीच काळी चिकणमाती असते. भिजली की फुगते, म्हणून पाणी धरते. वाळली की भेगाळते. डबकं आटलं की मासे संपतात. अंडी मात्र त्या मातीत महिनोन् महिने कोरडी पडून राहतात, आणि पाऊस आला की काही तासांत पिल्लं बाहेर. मग घाईच घाई. मोझांबिकच्या डबक्यांत १४ दिवसांत वयात आलेले मासे संशोधकांना मिळालेत.

"आणि पाऊस नुसता शिंतडून गेला तर?" अण्णांनी विचारलं. हा प्रश्न आजवर दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता.

तर, अंड्यातला गर्भ वाढता वाढता तीन ठिकाणी थांबू शकतो: सुरुवातीला पेशी विखुरलेल्या असताना, मधे अवयवांचा पाया पडल्यावर, आणि शेवटी पिल्लू पुरतं तयार झाल्यावर. एकाच मादीची अंडी, पण कोण किती थांबेल याचा नेम नाही. घरी मातीऐवजी मी अंडी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुश्यात, पिशवीत भरून ठेवतो. एकदा अर्धवट वाळलेलं कोकोपीट घाईनं भिजवलं. सात पिल्लं निघाली. वैतागून तेच पुन्हा वाळवून ठेवलं, दीड महिन्यानं भिजवलं, तर आणखी वीस-बावीस.

अण्णा बराच वेळ पिशवीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे दुबार पेरणीची सोय अंड्यातच करून ठेवलीय."

तेव्हापासून मला वाटतं, आपण प्रश्नच उलटा विचारतो. वर्षातला मोठा काळ हा मासा मासा नसतोच, मातीतलं अंडं असतो. टाकीत नाचतो तो त्याचा हंगाम. मी पाळतो ती अंडी.

या आठवड्यात आलात तर टाकी रिकामी दिसेल. कपाटात तीन पिशव्या आहेत, ओलसर कोकोपीटच्या. आईनं एकदा एक पिशवी कुंडीत रिकामी केली होती, म्हणून आता वर अण्णांच्या अक्षरात तारीख आहे आणि खाली एकच शब्द: बियाणं.