नियंत्रण गटातले काका

पावसाळ्यात नाशिकमध्ये सर्दी-तापाची साथ सुरू झाली, की पंचवटीतील आमच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळपासूनच बाकडी भरून जातात. 2022 च्या पावसाळ्यात याच रुग्णांवर आम्ही एक छोटा अभ्यास करीत होतो. विषाणूजन्य श्वसनविकाराची सौम्य लक्षणे असलेल्या सर्वांना पॅरासिटामॉल, गरजेप्रमाणे खोकल्याचे औषध आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या हे नेहमीचे उपचार मिळतच होते. त्यांतील निम्म्यांना जोडीला कुटकी आणि काडेचिराईत या कडू वनस्पती असलेली आयुर्वेदिक गोळी द्यायची आणि लक्षणे कोणत्या गटात लवकर उतरतात ते पाहायचे, एवढाच त्याचा आवाका होता. असा आजार बहुतेकांचा आठवड्या-दीड आठवड्यात आपोआपच बरा होतो. त्यामुळे गोळी न घेतलेला गट, म्हणजेच नियंत्रण गट, शेजारी नसेल, तर ‘गोळीने गुण आला’ या म्हणण्याला आधार राहत नाही.

त्या गटाला दिसायला आणि चवीला तशीच, पण औषधाविना गोळी द्यावी असेही सुचवले गेले होते. परंतु आयुर्वेदात तिक्त, म्हणजे कडू, रसच मुळात ज्वरघ्न (ताप उतरवणारा) मानलेला असल्याने कडू गोळी औषधाविना कशी म्हणायची, हा वाद मिटेना. अखेर उघड पद्धतीने, म्हणजे कोणाला गोळी मिळते हे न लपवता, पण बंद लिफाफ्यातील चिठ्ठीनुसार गट ठरवायचे, असे ठरले.

पंचवटीतीलच एका वाड्यातले एक वयस्कर जोडपे एकाच दिवशी अभ्यासात दाखल झाले. काकूंच्या लिफाफ्यातून गोळीचा गट निघाला, तर काकांच्या लिफाफ्यातून केवळ नेहमीच्या उपचारांचा. दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा, सात दिवस, या हिशेबाने काकूंना 42 गोळ्यांची डबी दिली. आठव्या दिवशी दोघे तपासणीला आले तेव्हा डबी रिकामी होती आणि काकूंच्या रोजच्या नोंदीही व्यवस्थित होत्या. काकांच्या वहीत मात्र दुसऱ्या दिवसापुढे ‘पोट ढिले’ असे लिहिलेले होते. काय खाण्यात आले होते, असे विचारताच काका सहज म्हणाले, “खाण्यात काही नाही मॅडम, त्या कडूजहर गोळीने झालं असेल.”

काकूंनी अजिबात लपवाछपवी केली नाही. “हे रात्रभर खोकणार आणि मी एकटीने गोळ्या गिळायच्या? प्रत्येक वेळी एक मी घेतली, एक ह्यांना दिली,” असे त्यांनी सांगितले. संमतिपत्रक त्यांना मराठीतून वाचून दाखवले होते आणि ते त्यांना समजलेही होते; पण आजारी नवऱ्याला डावलून औषध घेणे त्यांच्या संसारात बसत नव्हते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 29 एप्रिल 2021 रोजी, आयुष मंत्रालयाने आयुष-64 हे मूळचे हिवतापावरचे औषध सौम्य ते मध्यम रुग्णांना पूरक म्हणून उपयुक्त असल्याचे जाहीर केले होते. त्याच्यातही कुटकी आणि चिराईत असल्याचे काकूंना ठाऊक होते, त्यामुळे तर त्यांचा प्रश्न अधिकच रास्त होता.

अभ्यासाच्या दृष्टीने मात्र यात दुहेरी घोळ होता. काकूंच्या पोटात ठरल्याच्या निम्मे औषध गेले, ज्यांच्या पोटात काहीच जायला नको होते त्या काकांच्या पोटात तेवढेच गेले, आणि गोळ्यांची मोजणी तर अगदी चोख जुळली. असे चार घरांत घडले, तर दोन गटांतील अंतर पुसट होऊन गुणकारी औषधही निरुपयोगी ठरू शकते. तरीही काकांना सोयीस्करपणे गोळीच्या गटात हलवता येत नाही. चिठ्ठीने ज्या गटात टाकले त्याच गटात त्यांना मोजायचे आणि आराखड्यातील विचलन म्हणून सगळे लिहून ठेवायचे, हाच नियम आहे. मी तसे केले, काकांची यकृताची तपासणी करून घेतली (ती ठीक निघाली) आणि नैतिकता समितीला कळवले.

पुढे समितीच्या मान्यतेने आम्ही माणसाऐवजी घरालाच चिठ्ठी लावायचे ठरवले. एका घरातील माणसांचे खाणेपिणे आणि संसर्ग सारखाच असल्याने अशा पद्धतीत रुग्ण जास्त लागतात. संख्याशास्त्राच्या सल्लागारांनी नवा आकडा सांगितला तेव्हा आमच्या विद्यार्थिनीचा चेहरा पडला, कारण तिचा प्रबंध त्यावर अडला होता. शिवाय 2020 पासून घरोघरी तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिऱ्यांचा काढा उकळतो आहे, त्याचे काय, हा प्रश्न होताच. तो बंद करा असे सांगून कोणी ऐकणार नाही, म्हणून दोन्ही गटांच्या वहीत ‘घरचा काढा: कशाचा, किती वेळा’ असा रकाना घातला. त्यात पहिल्याच तरुणाने लिहिले होते, “आई देते. कशाचा ते विचारले नाही.”