आयर्नची बाटली आणि नऊ दिवसांची क्वेरी

हिमोग्लोबिन ७.२, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ५. गर्भाशयातल्या गाठींमुळे पाळी दहा-दहा दिवस चालायची. ठाणे स्टेशनचा जिना चढताना मी मध्येच थांबून मोबाईल बघण्याचं नाटक करायचे. गर्भाशय काढायचं ठरलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दोन बाटल्या रक्त चढव आणि मोकळी हो." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताच्या एका बाटलीने हिमोग्लोबिन साधारण एकच ग्रॅम वाढतं, लोहाची तूट काही भरत नाही. महिनाभर हातात आहे, शिरेतून आयर्न देऊ.

पटलं. मग आला मेडिक्लेमचा काउंटर.

हजार मिलिग्रॅम औषध सलाईनमधून वीसेक मिनिटांत जातं, वर अर्धा तास बसवून ठेवतात. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, चोवीस तास ॲडमिशन नाही, कॅशलेस होणार नाही." डे-केअर, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात त्या उपचारांत? त्या यादीत नाही. तरी पाठवून बघा म्हटलं. तिसऱ्या दिवशी विमा कंपनीची क्वेरी आली: गोळ्या का दिल्या नाहीत? अहो, तीन महिने गिळल्या, पोट धरून बसले! डॉक्टरांचं पत्र नेलं, तर त्यावर शिक्का नाही. परत नौपाड्यातून रिक्षा, परत गोखले रोडचं ट्रॅफिक. सहाव्या दिवशी दुसरी क्वेरी: रक्त का चढवलं नाही? दरम्यान पाळी आली, ती काही क्वेरी सुटायची वाट बघत नाही. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिकच्या गोळ्यांवर ते दिवस काढले.

नवव्या दिवशी चिडून रोख पैसे भरले. तेव्हा बिलिंगच्या बाई सहज बोलून गेल्या, "ताई, ऑपरेशनच्या क्लेममध्येच लावा की हे. ॲडमिशनच्या आधीचे तीस दिवस धरतात." त्या मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं? तुमच्या पॉलिसीत तीस आहेत की साठ, ते आधी बघून घ्या. बिल, प्रिस्क्रिप्शन, बाटलीवरचं स्टिकर, सगळं जपा.

हो, सुईच्या जागी चुरचुरलं तर लाजू नका, लगेच सिस्टरला हाक मारा. औषध बाहेर झिरपलं तर तपकिरी डाग महिनोन्‌महिने जात नाही. आणि गोळ्या चहासोबत घेऊ नका, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. मी तीन महिने सकाळच्या चहाबरोबरच घेत होते, हे काउंटरवर सांगितलं नाही.

आठवड्याने आयर्नची दुसरी बाटली. पहिलीनंतर सव्वीस दिवसांनी ऑपरेशन, त्या सकाळी हिमोग्लोबिन १०.६. रक्त लागलं नाही. क्लेममध्ये दोन्ही बाटल्या पास झाल्या, कापले ते हातमोजे आणि कापूस.