पिठी मेळात?

मालवणात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझी सहा टेबलांची खानावळ आहे. गोष्ट जुलैतली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्याही बंद, त्यामुळे पर्यटक जवळजवळ नाहीतच. सुरमई असते, पण बर्फातली, आणि विचारलं की मी तसं सांगून टाकते.

दुपारी अडीचच्या सुमाराला पन्नाशीचे एक गृहस्थ आले. भिजलेली छत्री दाराशी ठेवली, खिडकीजवळ बसले. मी थाळीचं सांगितलं. ‘चालेल’ म्हणाले, पण लक्ष आतल्या दाराकडे. आत आमची जेवणं चालली होती. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि मागच्या चुलीत निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा.

"वयनी, पिठी मेळात?"

पिठी मिळेल का, हे मालवणीत विचारलं. तोवर ते मुंबईचं मराठी बोलत होते.

माझ्या हाताखालची मुलगी कुजबुजली, "गिऱ्हायकाक पिठी वाढूची?" खरं सांगते, मलाही लाज वाटली. पिठी म्हणजे घरात दुसरं काही नसतं तेव्हाचं कालवण. ती पाहुण्याच्या पानात आम्ही वाढत नाही. पण माणूस तोंडाने मागतोय, त्याला नाही कसं म्हणायचं?

आमची उरलेली न देता ताजी टाकली. तेलात ठेचलेली लसूण लाल होईपर्यंत परतली, मग कांदा, हिरवी मिरची. पाणी ओतून कोकमाची दोन सोलं टाकली. कुळथाचं पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, उकळत्या पाण्यात कोरडं टाकलं की गुठळ्या झाल्याच. मग ढवळत राहायचं. पिठाचा कच्चा वास जाऊन भाजलेल्या कुळथाचा वास सुटला की उतरायची. माझ्याकडचं पीठ घरचं, कुळीथ भाजून, भरडून, सालं पाखडून दळलेलं.

त्यांनी बांगड्याचा काटा काढला, तुकडा मोडून पिठीत बुडवला आणि तो मऊ होईपर्यंत थांबले. भाताला हात लावला नाही.

मग बोलायला लागले. वडील परळला गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, मे महिन्यात आईने या भावंडांना एसटीत बसवून आजीकडे पाठवलं. हे तिसरीत. महिन्याची मनिऑर्डर थांबली होती. उलट मुंबईचीच तोंडं गावच्या घरात आली. "दोन पावसाळे पिठीवर काढले," म्हणाले. "संप लांबत गेला, तशी ती पातळ होत गेली."

अडीच लाख कामगारांचा तो संप. कोकणातल्या कितीतरी घरांत त्याची झळ आली. माझ्या वर्गातही त्या वर्षी मुंबईची मुलं भरली होती. त्यांना पेज गिळवायची नाही, चपाती मागायची. एक मुलगा डबा उघडायचाच नाही, आणि आम्ही त्याला हसायचो. त्यांना हे सांगताना माझा आवाज बसला. ते म्हणाले, "मी पण नाय उघडायचो." आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प.

आजी सगळ्यांत शेवटी जेवायची. तळाची दाट पिठी पोरांच्या वाटीत, वरचं पाणी स्वतःला. हे त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. आजी गेल्यावर आईकडून कळलं.

वाटी पुसून झाली. मी विचारलं, "आणखी वाढू?"

"वाढा. चव तीच आहे. पण ही दाट झाली."

पिठी निवली की आळतेच. मी आतून गरम पाणी आणून वाटीत ओतलं. "अजून," म्हणाले. पुन्हा ओतलं. वाटीचा तळ दिसायला लागला तेव्हा त्यांनी माझा हात थांबवला.