निधान

आमच्या बेळगाव भागातल्या रस्त्यांवर वळणाआधी, शाळेजवळ किंवा पुलाच्या तोंडाशी एक कन्नड सूचना हमखास भेटते : ‘निधानवागि चलिसि’. अर्थ सरळ आहे, सावकाश चला. कन्नडमध्ये निधान म्हणजे संथपणा. मराठीत मात्र निधान म्हणजे ठेवा, पुरून ठेवलेले धन, आणि अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला हा शब्द दुसऱ्या कुठल्या अर्थाने सहसा ऐकूच येत नाही. दोन्ही भाषांच्या सीमेवर लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्याला तो फलक वाचताना दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात, आणि गेली नऊ वर्षे मी जी गाडी चालवतो आहे तिला ते दोन्ही सारखेच लागू पडतात.

ती २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. ‘आरएस’ ही अक्षरे ‘रॅली स्पोर्ट’ या शब्दांची. पण गाडीकडे पाहून रॅलीची आठवण कुणालाच येत नाही. एखाद्या बँकेच्या शाखाधिकाऱ्याने निवृत्तीच्या दोन वर्षे आधी घ्यावी अशी तिची सोज्वळ अंगलट आहे. त्या अंगलटीखाली १.८ लिटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन आहे, प्रत्येक सिलिंडरला पाच झडपा आहेत, तीन हवा आत घेणाऱ्या आणि दोन धूर बाहेर सोडणाऱ्या, आणि या सगळ्याला टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राची, जोड आहे. युरोपात याच नावाची गाडी १८० अश्वशक्तीची होती; आपल्याकडे आली ती १५० ची. तरीही ज्या काळात साध्या सेडानांची इंजिने शंभराच्या आसपास घुटमळत होती त्या काळात दीडशे हा आकडा छाती फुगवण्याजोगा होता. काटेकोर माणसे तिला सेडान म्हणायलाही तयार होणार नाहीत, कारण तिचे मागचे दार काचेसकट वर उचलले जाते. मी त्या वादात पडत नाही. मागच्या ५२८ लिटरांच्या जागेत माझ्या वर्कशॉपची कास्टिंगे, सासरहून आलेली बेळगाव बासमतीची पोती आणि गणपतीची आरास असे सगळे आजवर बिनतक्रार मावले आहे. वाद घालणाऱ्याने आधी एवढे भरून दाखवावे.

गाडी घेतली कोल्हापुरात, २०१६ साली. जुनी गाडी घेणे आणि बाजारात बैल घेणे यांत मला फारसा फरक वाटत नाही. तिथे दात मोजतात, खुरे पाहतात, चार पावले चालवून घेतात आणि शेवटी उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवतात. इथे टायरांच्या तारखा वाचायच्या, तेलाचे झाकण उघडून आतला रंग पाहायचा, थंड इंजिन स्वतःच्या हाताने सुरू करायचे आणि पहिले दहा सेकंद कोणाशीही न बोलता नुसते ऐकायचे. आधीच्या मालकांनी बिलांची जाडजूड फाइल समोर ठेवली. झडपांची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट कधी बदलला, त्याबरोबर पाण्याचा पंप बदलला की नाही, प्रत्येक वेळी कोणते तेल घातले, हे सारे त्यांनी बारीक अक्षरात समासात लिहून ठेवले होते. या इंजिनाचा बेल्ट तुटला तर झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, म्हणून ती एक नोंद मी दोनदा वाचली. निघताना ते एवढेच म्हणाले, “घाट चढून आलात की लगेच बंद करू नका. मिनिटभर चालू राहू द्या.” मी मान डोलावली. मान डोलावणे आणि ऐकणे यांतले अंतर पुढे मला चांगलेच महाग पडले. ते ओघाने येईलच.

कोगनोळीपाशी दूधगंगा ओलांडली की गाडी महाराष्ट्रातून कर्नाटकात येते. माणसाला त्यासाठी काहीच करावे लागत नाही, गाडीला मात्र बरेच करावे लागते. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची झाली तर कायद्याप्रमाणे तिची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. मग नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र, मालकी बदलण्यासाठी २९ आणि ३० हे नमुने, चेसिसच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून काढलेला ठसा, आणि इथला आजीव कर. कागद जमवण्यात माझ्याच आळसाने चार महिने गेले आणि अखेर ‘एमएच ०९’ ची पाटी उतरून ‘केए २२’ ची पाटी चढली. आमच्या गल्लीतले एक काका पाटीकडे बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “हिचा सीमाप्रश्न चार महिन्यांत सुटला की!” सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा २००४ सालचा आहे, म्हणजे गाडीपेक्षा एका वर्षाने थोरला, त्यामुळे मला यावर काही उत्तर सुचले नाही.

आता ही दीडशे अश्वशक्ती वापरायची कुठे, हा आईने पहिल्याच दिवशी विचारलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे. “एवढी पळणारी गाडी घेऊन जाणार कुठं? भाजी मार्केटला?” असे तिने विचारले होते, आणि खरे सांगायचे तर आठवड्यातले सहा दिवस मी घरापासून उद्यमबागेतल्या माझ्या लेथपर्यंत जातो आणि परत येतो. वाटेत टिळकवाडीतले रेल्वे फाटक लागते. फाटक पडलेले असले की माझ्या डावीकडे भाजीची हातगाडी असते, उजवीकडे दुधाच्या किटल्या लावलेली मोटारसायकल असते, आणि आम्ही तिघे एकाच अश्वशक्तीचे असतो.

पण संकेश्वरहून बेळगावकडे येताना वंटमुरीचा घाट लागतो. तिथे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवावी, समोरचा ट्रक डावीकडे सरकेपर्यंत थांबावे आणि मग उजव्या पायाचा अंगठा पेनाचे टोपण दाबावे इतकाच दाबावा. क्षणभर काहीच होत नाही. मग बॉनेटखालून कुणी दात-ओठ आवळून श्वास ओढल्यासारखा बारीक आवाज येतो, आणि चढ नावाची गोष्ट त्या रस्त्यातून कुणीतरी काढून घेतल्यासारखी वाटते. या इंजिनाचा २१० न्यूटन-मीटरचा पीळ, म्हणजे चाके फिरवणारा जोर (टॉर्क), मिनिटाला १७५० फेऱ्यांना हाती लागतो आणि ४६०० फेऱ्यांपर्यंत तसाच टिकतो, म्हणून चढावर गिअर खाली टाकण्याची धडपड करावी लागत नाही. आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्क्यांनी विरळ, आणि साधे इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढ्यावरच भागवते. टर्बो मात्र इंजिनाच्या टाकाऊ धुरावर स्वतःची चकती फिरवून त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चकतीने हवा कोंबून भरतो आणि उंचीची तूट भरून काढतो. हे सगळे सुख मोजून दीड-दोन मिनिटांचे असते. वेगाची मर्यादाही मी ओलांडत नाही. तिच्यापर्यंत पोचण्याची रीत मात्र वेगळी असते.

आता ती मान डोलावण्याची गोष्ट. पहिल्या वर्षी गोव्याहून परतताना मी चोर्ल्याचा घाट मोठ्या उत्साहाने चढून यायचो आणि कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते त्या गावात, चहाच्या टपरीसमोर गाडी उभी करून त्याच क्षणी किल्ली फिरवायचो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्याच्या एका बाजूला आठशे-नऊशे अंशांचा धूर असतो. इंजिन बंद झाले की तेल जिथल्या तिथे थांबते आणि त्या उष्णतेत जळून त्याचा कोळसा धरतो. असा कोळसा मी कपागणिक साठवत गेलो आणि दुसऱ्या पावसाळ्यात गाडी निळसर धूर ओकू लागली. मेस्त्रींनी टर्बो उतरवून माझ्या हातावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “मालक, घाट चढून आलेला बैलसुद्धा दम खातो की. हिला दम खाऊ द्यायला नको?”

मला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण त्याआधी मी त्या टर्बोचे गरम बाजूचे घर न्याहाळत बसलो. ते ओतीव लोखंडाचे असते, गोगलगायीच्या शंखासारखे आत आत वळत गेलेले. आमच्या उद्यमबागेत फाउंड्र्यांची रांग आहे, दिवसभर माझ्या हातांखालून पंपांची आणि झडपांची कास्टिंगे जातात, आणि साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथली रेघ अंगठ्याने चाचपण्याची मला खोडच आहे. त्या शंखावर ती रेघ शोधताना मला वेळ लागला. एवढ्या चोख कामाला मी चहाच्या घाईपायी जाळले, याचे वाईट मला खर्चापेक्षा अधिक वाटले. खर्चही कमी नव्हता. तो आकडा घरात अजून एकट्या मलाच ठाऊक आहे.

बाकीची दुरुस्ती वयाची असते. वीस वर्षांचे रबर कडक होते, सांध्यांतले रबरी बुश चिरतात, वेडेवाकडे गतिरोधक पोटाला घासून जातात. मागच्या उन्हाळ्यात पुढच्या चाकांच्या आर्मचे बुश दाबून बसवण्याचे साधन मिळेना, तेव्हा मी माझ्याच लेथवर एक डाय काढून घेतली. तीन तासांचे ते काम गिऱ्हाइकाचे असते तर मी दोन दिवस पुढे ढकलले असते.

गळिताचा हंगाम सुरू झाला की सहा महिने माझ्या वेगाचा हिशेब ऊस ठरवतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोर असतो, त्यावर मोठ्या आवाजात गाणी लागलेली असतात, मागच्या ट्रॉलीतून सुटलेल्या मोळीची पाने माझ्या बॉनेटवर चवरी ढाळत असतात आणि काटा तिशीच्या पुढे सरकत नाही. पूर्वी मी चरफडत असे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे आणि आमच्याकडच्या साखर कारखान्यांच्या आसवन्या उसापासूनच ते गाळतात. म्हणजे ज्या उसामागे मी अडकतो तोच ऊस काही महिन्यांनी माझ्या टाकीत येतो. २००५ च्या रबरी नळ्यांना हे मिश्रण मानवेना, म्हणून त्या मी बदलून घेतल्या. इथेनॉलची ऊर्जा लिटरामागे पेट्रोलहून एक-तृतीयांशाने कमी, त्यामुळे टाकी लवकर रिकामी होते. पण त्याचा ऑक्टेन आकडा, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याचे माप, वरचा, आणि दाबाखाली चालणाऱ्या इंजिनाला तो मानवतो. एकंदरीत ट्रॅक्टरवाल्याशी माझे नाते आता देण्याघेण्याचे झाले आहे.

परवा जांबोटीहून परतताना असाच एक ट्रॅक्टर शेवटपर्यंत पुढे राहिला. टर्बोला एकदाही श्वास ओढावा लागला नाही, इंजिन गरम होण्याचा प्रश्नच नव्हता, आणि वाटेत तो कन्नड फलक दोनदा भेटला. तरीही घरासमोर गाडी उभी केल्यावर मी लगेच किल्ली फिरवली नाही. खिडकी खाली घेतली, हातावरच्या घड्याळात सेकंद काटा पाहिला आणि बसून राहिलो. इंजिन संथ फिरत होते. अंगणातल्या नळाखाली बादली भरत होती तिचा आवाज त्यापेक्षा मोठा होता. काटा पाऊण फेरी ओलांडून पुढे सरकला असेल-नसेल, तोच फाटकाशी येऊन आई म्हणाली, “काय रे, बंद पडली काय?”