ड्रेक पॅसेज, वरच्या मजल्याची केबिन आणि छोट्या लक्झरी बोटींचा हिशोब

अंटार्क्टिकाच्या बोटीवरून उतरून दोन दिवस झाले. ब्युनोस आयर्सच्या हॉटेलात बसून लिहितेय आणि खुर्ची अजून डोलतेय. डोकं ताळ्यावर आलं की भाषाही सौम्य होईल, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

अंटार्क्टिकाला छोट्या लक्झरी बोटीने जाणार असाल तर सर्वात वरच्या डेकवरची, पुढच्या टोकाची केबिन घेऊ नका. फुकट दिली तरी नको. आम्ही तीच घेतली, आणि मधल्या डेकपेक्षा माणशी अडीच हजार डॉलर जास्त मोजून घेतली. "मॅडम, पुढचा व्ह्यू मिळतो. बोट नवीकोरी आहे, हेलकावे कमी करणारे स्टॅबिलायझर आहेत, आणि जानेवारीत ड्रेक म्हणजे तळं असतं तळं," इति एजंट. ड्रेक म्हणजे वाटेतला ड्रेक पॅसेज हा समुद्र, त्याच्याविषयी पुढे सांगते. त्याचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी चौकशी केलेले सगळेच हेच सांगत होते.

जत्रेतला कोलंबस आठवा. टोकाला बसलेली मंडळी किंचाळत असतात आणि मधल्या बाकावरची आजी नातवाला धरून निवांत बसलेली असते. बोटीचंही तेच. मध्यभागी आणि खालच्या डेकवर हेलकावा सर्वात कमी. जितके वर आणि जितके टोकाला जाल तितका झोका मोठा. हे मला कळत नव्हतं असं नाही. एस्टीच्या शेवटच्या सीटवर बसून कोकणात गेलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. पण ब्रोशरवरच्या त्या खिडकीने भूल घातली.

ड्रेक पॅसेज म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाजवळची साउथ शेटलंड बेटं यांच्यामधलं साधारण ८०० किलोमीटर पाणी. त्या अक्षांशावर पृथ्वीभोवती फिरून या, वाऱ्याला आणि प्रवाहाला अडवायला कुठेही जमीन नाही. त्यामुळे जे काही येतं ते पूर्ण वेगात येतं. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. बोट संध्याकाळी अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वायाहून सुटते आणि पहिले काही तास बीगल चॅनलच्या शांत पाण्यातून जाते. इथेच सगळे फसतात. आम्हीही फसलो. पाच कोर्सचं जेवण, वर चॉकलेटचं काहीतरी, आणि नवऱ्याचं "अगं, एवढंच? उगाच घाबरवतात." रात्री एकच्या सुमारास उघडा समुद्र लागला.

पुढचे तीस तास आमच्या केबिनमध्ये काय चाललं होतं ते सांगते. स्वागताला ठेवलेली शॅम्पेनची बादली पहिल्या दहा मिनिटांत उलटली, बर्फ गालिच्यावर. टेबलाचा ड्रॉवर आपोआप उघडायचा आणि दाणकन बंद व्हायचा. मी त्याला ओढणीने बांधला. नवऱ्याची एक चप्पल रात्रभर पलंगाखालून दारापर्यंत आणि दारापासून परत, अशी येरझारा घालत होती. उठून ती उचलण्याची दोघांचीही हिंमत नव्हती. बोटीचं नाक लाटेवर चढायचं, क्षणभर सगळं थांबायचं, पोट वरच राहायचं आणि बोट खाली जाऊन आपटायची. कॅप्टनने सकाळी सांगितलं, लाटा सात-आठ मीटर. बरोबर सात वाजता बटलर दारात हजर, हातात उशांचं मेनू कार्ड. आठ प्रकारच्या उशा. मी त्याला एवढंच विचारलं, कागदी पिशव्या आहेत का? तो अजिबात न हसता म्हणाला, कॉरिडॉरच्या कठड्यात प्रत्येक दोन पावलांवर खोचलेल्या आहेत. होत्या.

डॉक्टरने दोन इंजेक्शनं दिली. शेवटच्या दिवशी बिल आलं: २४० डॉलर. पोटात एक थेंब न टिकलेल्या दारूचे पैसे 'ऑल इन्क्लुझिव्ह'मध्ये, आणि इंजेक्शनचे बाहेर! भांडले. उपयोग झाला नाही, कारण बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. बुकिंगच्या वेळीच ईमेलने विचारा, डॉक्टरची फी यात धरली आहे का. गोळ्या मात्र रिसेप्शनवर वाडग्यात फुकट ठेवलेल्या असतात. मी त्या उलट्या सुरू झाल्यावर घेतल्या, म्हणजे नळ फुटल्यावर बादली शोधली. घरूनच आपल्या डॉक्टरांना विचारून गोळ्या न्या आणि पहिली बीगल चॅनलमध्येच घ्या. त्या रात्री वरणभातावर भागवा. मागितला तर मिळतो, आमच्या शेफने डाळ बरी केली होती.

आता बोटींची तुलना. लोक तुलना करतात ती स्वीटच्या चौरस फुटांची, रेस्टॉरंटच्या संख्येची. चूक. विचारायचा प्रश्न एकच: बोटीवर माणसं किती? अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी उतरवता येत नाहीत, आणि ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या बोटीला कुणालाच उतरवता येत नाही. म्हणजे १०० माणसांची बोट असेल तर सगळे एकदम किनाऱ्यावर. २०० ची असेल तर अर्धे किनाऱ्यावर, अर्धे झोडिॲक नावाच्या रबरी मोटरबोटीत फेऱ्या मारत, मग अदलाबदल. आमच्या बोटीवर १९६ होते. 'दिवसाला दोन लँडिंग' याचा प्रत्यक्षातला अर्थ निघाला प्रत्येक वेळी सव्वा तास पाय जमिनीला. उरलेला वेळ रबरी बोटीत कुडकुडत, पेंग्विनांकडे लांबून पाहत.

या हिशोबाने बघा. लिंडब्लाड कंपनीच्या नॅशनल जिओग्राफिक एन्ड्युरन्स आणि रेझोल्यूशन, अनुक्रमे २०२० आणि २०२१ च्या, सव्वाशे-दीडशे प्रवाशांच्या घरातल्या. माझ्या मते उतरायचंच असेल तर ह्याच. बटलर नाही, झगमगाट कमी, पण त्याने काय बिघडतं? याच घराण्याच्या लार्स-एरिक लिंडब्लाडने १९६६ मध्ये पर्यटकांना इथे आणायला सुरुवात केली. या बोटींचं नाक उलटं, मागे झुकलेलं असतं, त्याला एक्स-बो म्हणतात. लाटेवर आपटण्याऐवजी ते लाट कापत जातं. उश्वायात टोरांटोचे एक मराठी काका-काकू भेटले, अशाच उलट्या नाकाच्या बोटीवरून उतरलेले. काकूंनीही उलट्या केल्याच होत्या. "पण ते दाणकन आपटणं नव्हतं हो," म्हणाल्या. मला तेवढंच ऐकायचं होतं.

सिल्व्हरसी कंपनीची सिल्व्हर एन्डेव्हर २०० च्या घरातली. ही मुळात क्रिस्टल कंपनीची. कंपनी बुडाल्यावर (बोट नव्हे) २०२२ मध्ये सिल्व्हरसीकडे आली. प्रत्येक स्वीटला बटलर. उशांचा शौक असेल तर जा. पोनां या फ्रेंच कंपनीच्या ल बोरेआल वर्गातल्या बोटी २६४ च्या, पण अंटार्क्टिकात साधारण २०० नेतात. जेवण फ्रेंच, घोषणा आधी फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत. झोपेत दोनदा दचकायची तयारी ठेवा. त्यांचीच ल कमांदां शार्को हे प्रकरण वेगळं, खराखुरा बर्फ फोडणारा जहाजी हत्ती, २०२१ मध्ये थेट उत्तर ध्रुवावर जाऊन आलेला. पैसे असतील तर वाद नाही. सीबॉर्न व्हेंचर २६४ ची आणि तिच्यासाठी दोन पाणबुड्या आणल्या होत्या. सीनिक एक्लिप्स २२८ ची, ध्रुवाकडे २०० वर थांबतात. तिच्यावर हेलिकॉप्टर आणि पाणबुडी दोन्ही. ऐकायला भारी, पण पाणबुडीचे आणि हेलिकॉप्टरचे पैसे वेगळे. वायकिंग ऑक्टॅन्टिस ३७८ ची. उत्तम बोट असेल, पण ३७८ ला १०० ने भागा आणि मग ठरवा. ती काचेआड बसून बर्फ बघणाऱ्यांची बोट. वाईट नाही, फक्त त्याला मोहीम म्हणू नका.

बर्फात चालायला बोटीचा आइस क्लासही विचारा, म्हणजे बर्फाला तोंड द्यायची तिची श्रेणी. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये एमएस एक्सप्लोरर नावाची छोटी बोट साउथ शेटलंडजवळ बर्फाला धडकून बुडाली. १५४ जण होते, सगळे वाचले. ही गोष्ट आमच्या बोटीवरच्या व्याख्यानात सांगितली, आणि तीही ड्रेकच्या मध्यावर. वेळ निवडावी ती अशी.

सामानाविषयी जास्त सांगत नाही. सह्याद्रीत पावसात दोन-चार ट्रेक केलेला माणूस इथे आरामात चालतो. कस चढाचा लागत नाही, झोडिॲकमधून उतरताना गुडघ्यांचा लागतो. जाकीट बहुतेक लक्झरी कंपन्या देतात, बूट वापरायला देतात. वॉटरप्रूफ पॅन्ट मात्र आपली हवी आणि ती भारतातूनच न्या. उश्वायाच्या सान मार्तीन रस्त्यावर घ्यायला गेलात तर दुकानदाराला तुमच्या बोटीची वेळ तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक असते. मी हातमोज्यांसाठी जे मोजले त्यात पुण्यात रेनकोटसकट सगळं आलं असतं.

आणि कपडे धुऊनच नव्हे, निवडून न्या. तांदूळ निवडतो तसे. उतरण्याआधी बायोसिक्युरिटी नावाची तपासणी होते: खिसे, शिवणी, वेल्क्रो, सगळ्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवतात, कारण परक्या मातीतलं एक बीसुद्धा तिथे जाता कामा नये. माझ्या ट्रेकिंग पॅन्टच्या घोट्याजवळच्या वेल्क्रोत त्या मुलीला काहीतरी दिसलं. तिने टॉर्च तोंडात धरला, चिमटा घेतला आणि हळूच एक कुसळ ओढून काढलं. मग दुसरं. मग तिसरं. राजगडाची कुसळं, दिवाळीनंतरच्या ट्रेकची, दोनदा मशीनमध्ये धुऊनही चिकटून राहिलेली. तिने ती पांढऱ्या कागदावर ओळीने मांडली आणि विचारलं, कुठली? मी म्हटलं, शिवाजी महाराजांच्या पहिल्या राजधानीतली. तिला काही कळलं नाही, पण कागदाची पुडी मात्र नीट बांधली. माझ्यामागे चाळीस माणसं रांगेत. मला त्या पॅन्टसाठी वीस मिनिटं लागली. नवी पॅन्ट न्या.

किनाऱ्यावर खायला काही न्यायचं नाही, चिक्कीसुद्धा नाही. पेंग्विनांपासून पाच मीटर. बर्ड फ्लूमुळे सध्या जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅग खाली ठेवायची नाही. उभ्याने फोटो येतात तेवढे येतात. झोडिॲकमध्ये चढता-उतरताना हात पकडायचा नाही, मनगटाला मनगट धरायचं. पहिल्यांदा नवऱ्याने खलाशाशी शेकहॅंड केला आणि ओरडा खाल्ला.

नेको हार्बर, पॅराडाइज बे, लेमेअर चॅनल झालं. तिन्ही दिवस ऊन होतं, फोटो सगळ्यांनी पाहिलेलेच असतात. पोर्ट लॉकरॉयला ब्रिटिशांनी १९४४ मध्ये उभारलेला जुना तळ आहे, तिथे पोस्ट ऑफिस आहे. आईला कार्ड टाकलं. कार्ड पोचायच्या कित्येक दिवस आधी मी पोचेन.

मैत्री पाहिलं का, असं व्हॉट्सॲपवर अकरा जणांनी विचारलं. नाही. मैत्री आणि भारती हे आपले तळ पूर्व अंटार्क्टिकात, या पर्यटनाच्या द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटर दूर. आपली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली होती. बटलर नव्हता, उशांचं कार्ड नव्हतं. त्या रात्री कठड्याला धरून मला त्या लोकांचीच आठवण आली.

ड्रेक टाळायचाच असेल तर चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने दोन तासांत अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथे बोट पकडता येते. सिल्व्हरसीकडेही विमानाचा पर्याय आहे, अंटार्क्टिका२१ ही कंपनी तर त्यातच मुरलेली. ढग असतील तर विमान उडत नाही आणि तुम्ही हॉटेलात बसून राहता, शिवाय सामानाच्या वजनाची मर्यादा. येताना आमचा ड्रेक खरोखर तळं होता. अल्बाट्रॉस बोटीमागे तासन्‌तास पंखही न हलवता तरंगत होते आणि मी डेकवर उभी राहून गरम सूप प्यायले. त्या दुपारी विचारलं असतंत तर विमानाने जाणाऱ्यांना भित्रे म्हटलं असतं. आज विचाराल तर सांगते, विमान घ्या.

अर्जेंटिनाचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा मागा, कारण तुम्ही देश सोडून परत येता. विमा घेताना 'वर्ल्डवाइड' या शब्दावर जाऊ नका. अंटार्क्टिका आणि तिथून उचलून आणण्याचा खर्च, दोन्ही लेखी घ्या. नाहीतर बहुतेक बोटकंपन्या बोटीवर घेत नाहीत. उश्वायाचं विमान ब्युनोस आयर्सला बहुधा एरोपार्केला उतरतं आणि घरचं एसेइसाहून सुटतं. दोन विमानतळ शहराच्या दोन टोकांना आहेत, एकाच दिवशी दोन्ही विमानं घेऊ नका. आणि केबिन पक्की करण्याआधी डेकचा नकाशा मागवून घ्या. आमच्या बोटीवर खाली, मधोमध, छोट्या खिडकीची केबिन होती, यादीतली सर्वात स्वस्त. तिच्यात राहणारी ऐंशी वर्षांची जर्मन बाई ड्रेकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला आली. त्या डायनिंग हॉलमध्ये ती एकटीच होती, आणि तिने दोन अंडी मागवली.