‘निकाली’ म्हणजे मंजूर नव्हे

वडिलांच्या पश्चात गावच्या जमिनीला आईचे आणि माझे नाव वारस म्हणून लावायचे होते. मृत्यूचा दाखला, वंशावळीचे शपथपत्र आणि अर्ज ही कामे चार दिवसांत झाली व त्यांविषयी माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती एका वाक्याविषयी. महिन्याभराने कार्यालयाकडून पत्र आले, त्यात लिहिले होते : ‘सातबारा सदरी मयत खातेदाराचे नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल असून सहहिस्सेदारांच्या हक्कांचा बोध होत नाही, सबब प्रस्तुत प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’

मी पंचवीस वर्षे मुद्रितशोधन करते. तरीही ‘निकाली’ वाचून काम झाले असे मी खुशाल समजले, आईला तसे कळवले आणि दोन महिने नव्या उताऱ्याची वाट पाहिली. आमच्या घरात काम निकालात निघाले म्हणजे ते पुरे झाले. कचेरीत मात्र अर्ज मंजूर होऊन प्रकरण बंद झाले काय किंवा फेटाळून बंद झाले काय, ते निकालीच निघते, हे मला चौकशीच्या खिडकीपाशी सव्वा तास उभी राहिल्यावर समजले. ‘अर्ज नामंजूर, आधी मयताच्या इतर भावांची नावे लावून घ्या’ असे लिहिले असते तर शाईही कमी लागली असती.

‘ए.कु.मॅ.’चा उलगडा नात्यातल्या एका निवृत्त अव्वल कारकुनांनी केला. ही अक्षरे म्हणजे ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. आजोबा गेल्यावर थोरला मुलगा म्हणून एकट्या वडिलांचे नाव कुटुंबाच्या वतीने लागले होते. काकांचा हिस्सा होताच, पण तो उताऱ्यावर दिसत नव्हता. म्हणून माझा पहिला सल्ला असा की अर्ज करण्याआधी सातबाऱ्यावरच्या नावापुढची बारीक अक्षरे वाचावीत, आणि ती असतील तर त्या जुन्या फेरफाराची, म्हणजे नावबदलाच्या नोंदीची, नक्कल आधी काढावी. आमची सगळी वारसमंडळी त्या नक्कलेत नावानिशी होती.

‘सबब’ अरबीतून आला, ‘प्रस्तुत’ संस्कृतातून आणि ‘मॅनेजर’ इंग्रजीतून. एका वाक्यात तीन राजवटी नांदतात याचे कुणाला कौतुक वाटेल, मला तेव्हा वाटले नाही. ‘पोटखराबा’ किंवा ‘कूळ’ यांसारख्या शब्दांना माझा आक्षेप नाही, कारण त्यांना नेमका अर्थ आहे आणि दुसरा सोपा शब्द सहजी सापडणार नाही. ‘निकाली’ला तो बचाव नाही. महाराष्ट्रात राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला, त्यामुळे पत्र मराठीत आले, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला : इंग्रजीत असते तर मी ते निमूटपणे कुणा जाणकाराला दाखवले असते, मराठीत असल्यामुळे ते मला कळलेच आहे असे मी धरून चालले. असे पत्र आले तर खिडकीवर ‘मंजूर की नामंजूर?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.

काकांचे नाव लागल्यावर पुढची वारस नोंद सुरळीत झाली. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती : महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार नोंद प्रमाणित होण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस जाते, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना तिचा अर्थ अगोदरच फोन करून समजावून ठेवावा. मी ते विसरले. आजोबांच्या जुन्या फेरफारात आत्यांचे नाव ‘इतर हक्क’ या सदरात असल्यामुळे त्यांनाही नोटीस गेली, आणि ‘मुदतीत हरकत न घेतल्यास आपले काही एक म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल’ हे वाक्य वाचून त्यांनी रात्री साडेनऊला मला फोन केला. म्हणाल्या, ‘‘काही म्हणणे नाही कसे? माझे पुष्कळ म्हणणे आहे, पण ते तुझ्या आईविषयी आहे, जमिनीविषयी नाही. तसे लिहून द्यायचे का?’’