कांचनबुरी : पुलाला एक तास, हेलफायर पासला अर्धा दिवस

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैदी आणि मजूर राबवून थायलंडहून ब्रह्मदेशात रेल्वेमार्ग नेला. त्या मार्गावरचा, थायलंडमधल्या कांचनबुरीचा क्वाय नदीवरचा पूल बघायचा म्हणून बरेच जण बँकॉकहून एका दिवसाची सहल करतात, पुलावर फोटो काढतात आणि परततात. माझ्या मते हा वेळेचा अपव्यय आहे. कांचनबुरीला एक मुक्काम हवाच.

बँकॉकच्या थोनबुरी स्थानकातून सकाळी पावणेआठच्या सुमारास एक गाडी सुटते, दुसरी दुपारी दोनच्या आसपास. बँकॉकच्या जुन्या हुआलाम्फोंग किंवा नव्या मोठ्या स्थानकावर जाऊन उभे राहिलात तर ही गाडी मिळणार नाही. परदेशी प्रवाशाला तिकीट १०० बाट. डबे तिसऱ्या वर्गाचे, वातानुकूलन नाही, खिडक्या उघड्या. पुढे नाम टोक या शेवटच्या स्थानकापर्यंत जाणार असाल तर डाव्या बाजूची जागा धरा. थाम क्रासेजवळ कड्याला चिकटून गेलेला लाकडी पूल आणि खाली ख्वे (म्हणजेच क्वाय) नोई नदी त्याच बाजूला दिसते. इथे गाडी अगदी हळू चालते.

पूल मात्र लवकर उरकतो. कमानीचे लोखंडी गाळे जपान्यांनी जावाहून आणले होते; मधले दोन सरळ, कोनदार गाळे बॉम्बफेकीनंतर, युद्ध संपल्यावर बसवलेले. पुलावर चालता येते, गाडी आली की कडेच्या छोट्या सज्जांत उभे राहायचे. १९५७ चा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा गाजलेला चित्रपट इथे नव्हे, तर सिलोनमध्ये कितुलगलाला चित्रित झाला. हा पूल मुळात मे क्लोंग नदीवर होता. पर्यटक येऊन क्वाय कुठे म्हणून विचारू लागले, तेव्हा १९६० मध्ये नदीच्या या भागाचेच नाव बदलून ख्वे याई केले!

पुलाच्या परिसरात थांबायचे ते ताकाशी नागासे यांच्यासाठी. हे जपानी लष्करी पोलिसांचे दुभाषी. एरिक लोमॅक्स या ब्रिटिश कैद्याचा छळ चालला असताना प्रश्न आणि उत्तरे यांच्याच तोंडून जात होती. युद्ध संपताच दोस्त राष्ट्रांच्या पथकाबरोबर ते रेल्वेमार्गावर कबरी शोधत फिरले, नंतर आयुष्यभर थायलंडला येत राहिले आणि १९८६ मध्ये इथे शांतीसाठी बौद्ध मंदिर बांधले. १९९३ मध्ये दोघे याच पुलापाशी भेटले. लोमॅक्सने पुढे त्यांना क्षमा केली, पण त्याआधी पन्नास वर्षे गेली होती.

स्थानकापासून दहा मिनिटांवर युद्ध स्मशानभूमी आहे. ६,९८२ कबरी, बहुतेक ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि डच. अमेरिकनांचे अवशेष मायदेशी नेले. कबरीवरच्या ब्राँझच्या पाट्यांवर खाली घरच्यांनी लिहून दिलेली ओळ असते, ती वाचत चला. कुठे बायबलचे वचन, कुठे नुसते ‘आई-बाबा’. कॉलऱ्याने गेलेल्यांचे दहन करावे लागले होते. अशा ३०० जणांची रक्षा दोन कबरींत आहे. शेजारच्या रेल्वे संग्रहालयाला तासभर द्या. ते आधी पाहिलेत तर दुसऱ्या दिवशी खिंडीत काय बघायचे ते कळते.

ती खिंड म्हणजे हेलफायर पास, कांचनबुरीपासून सुमारे ८० किलोमीटर, महामार्ग ३२३ वर. नाम टोक स्थानकापासूनही ती बरीच लांब आहे. गाडीतून उतरून चालत जाऊ, हा बेत फसतो. सरळ बस पकडा आणि वाहकाला ‘छोंग खाओ खाट’ सांगा. संग्रहालय ऑस्ट्रेलियन सरकार चालवते, प्रवेश फुकट, ध्वनिफीतही फुकट. जिना उतरलात की जुन्या रुळांची खडी लागते. चपलेने घोटा मुरगळतो, बूट घाला.

खडक कसा फोडला ते भिंतीवरच वाचता येते. एक जण पोलादी पहार धरून प्रत्येक घावानंतर किंचित फिरवायचा, दुसरा घण घालायचा. भोक खोल झाले की सुरुंग. भोकांचे उभे अर्धगोल खोबण अजून दिसतात आणि एका ठिकाणी तुटलेले टोक खडकातच अडकले आहे. १९४३ च्या एप्रिलमध्ये काम सुरू झाले, लगेच पावसाळा आणि पाठोपाठ कॉलरा. मुदत मात्र तीच, त्यामुळे रात्री मशालींच्या उजेडात पाळ्या चालल्या. खिंडीचे नाव, हेलफायर म्हणजे नरकाग्नी, त्या उजेडावरूनच पडले. पुढच्या लांब पायवाटेवर निघणार असाल तर संग्रहालयात नोंद करून वायरलेस संच घ्या. पाणी माणशी दोन लिटर. परतीची बस रस्त्यावर हात दाखवून थांबवावी लागते आणि दुपारनंतर फेऱ्या विरळ होतात; तीनच्या आत वर या.

उरला मुद्दा मजुरांचा. ४१५ किलोमीटरच्या या मार्गावर १२ हजारांहून अधिक युद्धकैदी मेले, पण आशियाई मजूर त्याच्या कित्येक पट. ब्रह्मी, जावानीज, मलायाच्या रबर मळ्यांतून आणलेले तमिळ. त्यांच्यासाठी डॉक्टर नव्हते, नोंदवह्या नव्हत्या, म्हणून आकडाही अंदाजानेच सांगतात. नावाच्या पाट्या त्यांच्या वाट्याला आल्याच नाहीत. स्मशानभूमीला लागूनच वाट थावोन हे मंदिर आहे, तिथे त्यांचे स्मारक आहे. सहलीच्या बस तिकडे वळत नाहीत, तेव्हा स्वतःच विचारून जा. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत.